खाली, हाताने लिहिलेलं

टपालवाला घोड्यावरून उतरला नाही.
तराफ्यावर उभ्या घोड्यावरूनच पिशवीत हात घालून म्हणाला,
किझाया बाई, राजधानीचं आहे, पैसे नकोत.
घडीच्या कोपऱ्यात टपालाचा आकडा नव्हता,
नुसती गार्थ्वेटसाहेबांची सही.
एकदा काँग्रेसमध्ये निवडून गेलं
की माणसाची सहीच नाण्यासारखी चालते, असं एनॉस म्हणतो.

रविवारपर्यंत थांबतंय कोण!
दिवस कलला तशी क्लिंच नदीच्या दोन्ही काठांवरची माणसं
आमच्या चुलीपुढे जमली.
मॅकस्पॅडन भाऊ, अंगाला कातडं कमावल्याचा वास घेऊन.
म्हातारा हार्ट्झेल, ज्याला इंग्रजी समजतं, पण पटत नाही.
आणि दारात, अर्धा आत अर्धा गारठ्यात,
मॅकस्पॅडनांचा गुलाम सायरस, घोड्यांचे लगाम धरून.
वाचता येणारी मी एकटी.

‘माझ्या प्रिय सहनागरिकांनो,’ मी सुरुवात केली,
आणि डोळे वर करून खोलीतले नागरिक मोजले.
मी त्यांत नव्हते.
सायरसने लगाम या हातातून त्या हातात घेतला.

मग तो छापील मजकूर, दाट, चार पानं.
बंदरांचं काय झालं. इंग्रज काय म्हणाले,
आणि आपण त्यांना काय म्हणायचं राहून गेलं.
जमिनीचे हप्ते लांबवायचा ठराव:
बाजूने इतके, विरुद्ध तितके,
आणि आपण स्वतः, गार्थ्वेट लिहितो, आजारी असूनही बाजूने.
थोरल्या मॅकस्पॅडनने गुडघ्यावर थाप मारली.
धाकटा म्हणाला, आजारी? दारू जास्त झाली असेल.
हार्ट्झेलने एक वाक्य तीनदा वाचायला लावलं
आणि तिन्ही वेळा मान हलवली.
सात आठवड्यांपूर्वीची ही सगळी गोष्ट.
एवढ्यात लढाई लागली असेल, किंवा टळली असेल,
आम्ही मात्र आज रात्री चिडत होतो,
आजच घडल्यासारखे.

छापील संपलं, तिथे खाली चार बोटं जागा होती,
आणि तिच्यात तिरक्या, घाईच्या अक्षरात दोन ओळी.
एनॉस म्हणाला, ते काय?
मी म्हणाले, नदीला पाणी किती आहे विचारतोय.
भरपूर आहे म्हणावं, मॅकस्पॅडन हसला.
सगळे उठले. बूट, कंदील, कुत्री.

एनॉसला अक्षर येत नाही,
पण पाणी न बघता खोली सांगणारा माणूस तो.
रात्री त्याने कागद पुढ्यात ठेवला,
शाईच्या ओळींवर अंगठा टेकवला.
‘हे तू वाचलं नाहीस.’

तेव्हा वाचलं.
आसाला आता बरं असेल अशी आशा आहे.
त्याला सांगा, माझ्या कोटाचं बटण मला परत हवं.

ऑक्टोबरात पलीकडे जाताना त्याने ते तोडून दिलं होतं,
पितळेचं, गरुड कोरलेलं;
तापलेल्या मुठीत पोराने दिवसभर धरलं.
नोव्हेंबरात आम्ही ती मूठ उघडली नाही.

खूप वेळाने मी म्हणाले, लिहू का त्याला?
त्याला लिहायलाही पैसे पडत नाहीत.
मिठाचा भाव लिहीन, रस्त्याचं लिहीन,
आणि मध्ये कुठेतरी हे.
एनॉसने बोटांवर आठवडे मोजले.
अधिवेशन केव्हाच उठलं असेल.
साहेब निघाला असेल घरी,
तुझं पत्र वाटेत त्याच्या शेजारून जाईल,
आणि तो याच तराफ्यावर पाय ठेवून विचारेल,
कुठाय तो चोर?

चुलीत लाकूड सरकलं.
‘मी सांगेन,’ एनॉस म्हणाला.
‘काठावर नाही. मधोमध,
जिथे पाणी जोरात बोलतं,
आणि मला दोर सोडता येत नाही.’